बालबुद्धीचे संशोधक : ज्याँ पियाजे

लहान मुलाने एखाद्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले म्हणजे मोठी माणसे बहुधा हसतात, नाही तर रागावतात. खरे उत्तर त्याला सांगून टाकले की आपले काम संपले, असे त्यांना वाटते. ते चुकीचे उत्तर त्या मुलाला सुचले तरी कसे, असा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात येतो. विसाव्या शतकात स्वित्झर्लंड देशात एक संशोधक होऊन गेले. त्यांनी हाच प्रश्न हाती घेतला आणि जवळजवळ साठ वर्षे त्याचा पाठपुरावा केला. मुलांच्या चुकांकडे पाहण्याची जगाची दृष्टी ज्यांच्यामुळे पालटली, त्या संशोधकाचे नाव ज्याँ पियाजे.

ज्याँ पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी न्यूशातेल या गावी झाला. हे टुमदार गाव एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी, जुरा पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे. ज्याँचे वडील आर्थर पियाजे हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते. त्या प्रदेशातील लोक ज्या एका जुन्या बखरीचा मोठा अभिमान बाळगीत, ती बखर बनावट आहे असे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले होते. लोकांना रुचो वा न रुचो, सत्य सांगावे. परंतु ते सांगण्यापूर्वी बारीकसारीक पुरावा स्वतः तपासून घ्यावा, ही वडिलांची शिस्त ज्याँने लहानपणीच पाहिली. आई रेबेका बुद्धिमान व मायाळू होत्या. पण त्यांचे मन वरचेवर अस्वस्थ होई आणि त्यामुळे घरातील शांतता ढळत असे. या अस्वस्थतेपासून दूर राहण्यासाठी हा मुलगा खेळ बाजूला सारून लवकरच अभ्यासात रमू लागला.

एके दिवशी न्यूशातेलच्या उद्यानात ज्याँला एक वेगळीच चिमणी दिसली. तिच्या पिसांवर पांढरा रंग उतरला होता. ज्याँने ती नीट न्याहाळली आणि तिच्याविषयी एक टिपण लिहून निसर्गविषयक नियतकालिकाकडे धाडले. ते १९०७ साली छापून आले. टिपण अवघे एका पानाचे होते. पण ते लिहिणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचाच होता. त्यानंतर त्याने गावातील वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पॉल गोदे यांना पत्र लिहून तेथील संग्रहाचा अभ्यास करण्याची परवानगी मागितली. गोदे हे शंख-शिंपल्यांचे जाणकार होते. त्यांनी या उत्साही मुलाला आठवड्यातून दोनदा बोलावून घेतले आणि आपला मदतनीस केले. शंखशिंपल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, हे त्याचे काम. या कामाच्या मोबदल्यात गोदे त्याला काही दुर्मीळ शंख देत आणि त्यांची माहितीही सांगत.

चिठ्ठ्या चिकटवण्याचे हे काम वरवर साधे दिसते. परंतु त्यातून ज्याँ वर्गीकरणाची विद्या शिकला. कोणता शंख कोणत्या गटात ठेवावयाचा, त्यासाठी रंग पाहावा की आकार पाहावा, कोणता फरक महत्त्वाचा मानावा आणि कोणता सोडून द्यावा, याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागे. पुढे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सरोवराच्या शांत पाण्यात वाढणाऱ्या गोगलगाईचा शंख लांबट होतो. त्याच जातीची गोगलगाय लाटांचा मारा बसणाऱ्या काठावर वाढली, तर तिचा शंख आखूड व फुगीर होतो. सजीव आपल्या परिस्थितीशी जुळवून घेतात, हा विचार त्याच्या मनात येथे रुजला आणि तो त्यांना जन्मभर उपयोगी पडला.

१९११ मध्ये गोदे वारले. तोवर ज्याँ स्वतः शंखांविषयी लेख लिहू लागला होता. ते लेख परदेशातील विद्वान वाचीत आणि हा कोणी प्रौढ शास्त्रज्ञ असावा असे समजून त्याला भेटण्याची इच्छा दर्शवीत. आपण शाळकरी मुलगा आहोत हे उघड होईल, म्हणून ज्याँ अशा भेटी टाळीत असे. जिनिव्हाच्या वस्तुसंग्रहालयाने तर त्याला शंखसंग्रहाचे संग्रहपालपद देऊ केले. आपले शालेय शिक्षण अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे, असे कळवून त्याला ते नाकारावे लागले!

याच सुमारास त्याच्या घरी एक चमत्कारिक घटना घडली. ज्याँ दोन वर्षांचा असताना पॅरिसच्या एका मोठ्या रस्त्यावर त्याची दाई त्याला बाबागाडीतून फिरवीत होती. तेव्हा एका माणसाने त्याला पळवून नेण्याचा प्रयत्न केला, दाईने झटापट करून त्याला वाचवले आणि तिच्या तोंडावर ओरखडे उठले, असा प्रसंग त्याला स्पष्टपणे आठवत असे. ज्याँ पंधरा वर्षांचा झाला तेव्हा त्या दाईचे पत्र आले. ती सारी हकीकत आपण रचली होती, अशी कबुली देऊन बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत केले. जे कधी घडलेच नव्हते, ते ज्याँला डोळ्यांसमोर दिसत होते! लहानपणी ऐकलेल्या हकिकतीवरून मनाने ते चित्र स्वतःच तयार केले होते. मन हे आरशासारखे नसून ते काही तरी घडवीत असते, याचा अनुभव त्याला असा घरातच मिळाला.

१९१८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शंखांवरील प्रबंध लिहून पियाजे यांनी न्यूशातेलच्या विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. पण आता त्यांचे मन एका निराळ्याच प्रश्नाने व्यापले होते. सजीवांचे शरीर वाढते, तसे माणसाचे ज्ञानही वाढते काय? वाढत असल्यास त्या वाढीचे काही नियम असतील काय? त्यांनी काही काळ झुरिच येथे मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१९ मध्ये ते पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. बिने १९११ मध्ये निवर्तले होते. सिमों यांनी तरुण पियाजे यांच्यावर एक काम सोपवले. सिरिल बर्ट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने तर्काचे काही प्रश्न तयार केले होते. ते पॅरिसच्या शाळेतील मुलांना विचारावयाचे आणि कोणत्या वयाची मुले कोणते प्रश्न सोडवतात, ते ठरवावयाचे. उत्तर बरोबर असेल तर गुण द्यावयाचा, चूक असेल तर द्यावयाचा नाही, आणि शेवटी बेरीज करावयाची. इतकेच ते काम होते. पियाजे यांना प्रथम ते रुक्ष वाटले.

पण लवकरच त्यांना त्या चुकांतच गोडी वाटू लागली. एका वयाची मुले बरीचशी एकाच तऱ्हेच्या चुका करीत. त्यांच्याहून मोठ्या मुलांच्या चुका निराळ्या असत. गुच्छातील काही फुले पिवळी आहेत असे सांगितले, की लहान मुले सबंध गुच्छच पिवळा आहे असे धरून चालत. काही आणि सगळे, भाग आणि संपूर्ण, यांतील संबंध मोठ्यांना अगदी सोपा वाटतो. पण पुष्कळ मुलांना तो वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत अवघड जातो, असे पियाजे यांना आढळले. ही मुले काही मंदबुद्धी नव्हती. ती चारचौघांसारखीच होती. मग शून्य गुण देऊन त्यांच्याविषयी काय कळले? शून्य हा आकडा मूल काय करू शकत नाही एवढेच सांगतो. ते कसा विचार करते, हे तो सांगत नाही. म्हणून पियाजे यांनी मुलांशी बोलावयास आरंभ केला. डॉक्टर जसा रोग्याला एकामागून एक प्रश्न विचारून त्याच्या दुखण्याचे मूळ शोधतो, तसे ते मुलाला त्याच्या उत्तराचे कारण विचारीत आणि ते देईल ते कारण शांतपणे ऐकून घेत. मुलांची बुद्धी ही मोठ्यांच्या बुद्धीची लहान आवृत्ती नव्हे. तिची विचार करण्याची रीतच वेगळी असते, अशी त्यांची खात्री होत चालली.

त्यांचे लेख वाचून जिनिव्हा येथील रूसो संस्थेचे एद्वार क्लापारेद यांनी १९२१ मध्ये त्यांना आपल्या संस्थेत बोलावले. तेथे पियाजे यांना संशोधनास मोकळे रान मिळाले. ते मुलांच्या खेळात मिसळत, त्यांचे बोलणे टिपून घेत, त्यांना सूर्य-चंद्राविषयी, वाऱ्याविषयी, स्वप्नांविषयी प्रश्न विचारीत. आपण चालू लागलो की चंद्रही आपल्याबरोबर चालतो, असे अनेक लहान मुले सांगत. सूर्य आणि वारा हलतात, म्हणून ते जिवंत आहेत, असेही कित्येकांचे म्हणणे असे. ही उत्तरे चुकीची खरी. परंतु त्यांत कारण दिलेले होते, आणि ते कारण मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टींवरून शोधले होते. १९२३ साली पियाजे यांचे पहिले मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सत्तावीस वर्षांच्या या संशोधकाचे नाव अनेक देशांत पोहोचले.

त्याच वर्षी व्हालांतीन शातने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झाकलीन, ल्यूसिएन आणि लोराँ ही त्यांची तीन मुले. तान्ह्या मुलांना बोलता येत नाही. मग ती विचार करतात की नाही हे कसे ओळखावे? पतिपत्नींनी आपल्याच मुलांचे बारकाईने निरीक्षण करून रोजच्या रोज नोंदी ठेवल्या. अगदी लहान मुलासमोरील खेळणे फडक्याखाली झाकले, तर ते खेळणे नाहीसेच झाले अशा रीतीने मूल वागते. काही महिन्यांनी मात्र तेच मूल फडके दूर करून खेळणे काढते. न दिसणारी वस्तूही असते, हे ज्ञान त्याने स्वतः मिळवलेले असते.

ल्यूसिएन सोळा महिन्यांची असतानाची एक नोंद फार प्रसिद्ध आहे. पियाजे यांनी घड्याळाची साखळी आगपेटीत घातली आणि पेटीला अगदी बारीक फट ठेवली. मुलीला पेटी उघडावी कशी हे ठाऊक नव्हते. तिने पेटी उलटी केली, फटीत बोट घालून पाहिले, साखळी निघेना. तेव्हा ती क्षणभर थांबली. फटीकडे पाहत तिने आपले इवलेसे तोंड उघडले, मिटले, पुन्हा अधिक मोठे उघडले. मग फटीत बोट घालून तिने ती ओढून रुंद केली आणि साखळी बाहेर काढली. फट मोठी करावयास हवी, हा विचार तिने शब्दांवाचून आपल्या तोंडाने करून पाहिला होता. हाताने चाचपडण्यापूर्वी मनात उपाय योजणे याचा हा आरंभ होय.

प्रारंभीच्या पुस्तकांत आपण मुलांच्या बोलण्यावर फार भर दिला, असे पियाजे यांना पुढे वाटू लागले. म्हणून त्यांनी मुलांच्या हाती प्रत्यक्ष वस्तू देऊन प्रयोग केले. अलिना शेमिन्स्का आणि बार्बेल इनहेल्डर या दोन विदुषींनी या कामी त्यांना मोलाचे साहाय्य केले. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावयाचे आणि एका पेल्यातील पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतावयाचे. पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते की उंच पेल्यात पाणी अधिक आहे, कारण ते वरपर्यंत आले आहे. सात-आठ वर्षांचे मूल मात्र पेला उंच असला तरी अरुंद आहे, नवे पाणी घातलेले नाही, परत ओतले तर तेवढेच भरेल, अशी कारणे देते. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून एक ओळ लांब पसरली, तर लहान मुलाला त्या ओळीतील सोंगट्या वाढल्याशा वाटतात.

वर्गीकरणाचा प्रयोगही असाच साधा होता. पेटीत लाकडाचे मणी ठेवलेले असत. बहुतेक तपकिरी आणि दोनच पांढरे. सगळे मणी लाकडाचेच आहेत हे मूल मान्य करी. मग लाकडाचे मणी अधिक की तपकिरी मणी अधिक, असे विचारले की लहान मूल तपकिरी मणी अधिक आहेत, असे सांगे. ते तपकिरी मण्यांची तुलना उरलेल्या पांढऱ्या मण्यांशी करीत असे. कारण एकच मणी एकाच वेळी लहान गटात आणि मोठ्या गटात असू शकतो, हे त्याच्या मनाला अद्याप धरून ठेवता येत नसे. ज्या मुलाने एके काळी संग्रहालयात शंखांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तोच आता वर्ग पाडण्याची शक्ती मनात कशी उगवते, याचा शोध घेत होता.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास विचारशक्तीत आणखी एक मोठा पालट होऊ लागतो, असे पियाजे यांनी दाखवले. त्यासाठी लंबकाचा प्रयोग होता. दोरीला वजन टांगून झोका द्यावयाचा आणि झोक्याचा वेग कशावर अवलंबून असतो, ते शोधून काढावयाचे. दोरीची लांबी, वजन, सोडण्याची उंची की दिलेला धक्का? लहान मुले एकाच वेळी दोरीही बदलतात आणि वजनही बदलतात, त्यामुळे फरक कशाने पडला ते त्यांना कळत नाही. मोठी मुले हळूहळू एक युक्ती शोधतात. ती एकच गोष्ट बदलतात आणि बाकीच्या तशाच ठेवतात. असे केले म्हणजे दोरीच्या लांबीनेच फरक पडतो, हे त्यांना उमगते. असे असेल तर तसे होईल, असा अंदाज आधी मनात बांधून मग तो तपासणे, ही शास्त्रज्ञांची रीत होय. आणि ती याच वयात साधू लागते. बार्बेल इनहेल्डर आणि पियाजे यांनी हे प्रयोग १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

या सर्व प्रयोगांतून पियाजे यांनी एक सिद्धान्त मांडला. ज्ञान हे बाहेरून ओतता येत नाही. मूल वस्तू हाताळून, तर्क करून, चुकून आणि चूक सुधारून ते स्वतः उभारते. जुन्या समजुतीत नवा अनुभव बसेना, की मन गोंधळते आणि त्या गोंधळातूनच समजूत बदलून घेते. म्हणूनच पाण्याच्या प्रयोगाचे खरे उत्तर पाच वर्षांच्या मुलाकडून पाठ करून घेण्याने फारसे साधत नाही. पेल्यातील पाणी त्याला पुन्हा पुन्हा ओतू दिले पाहिजे. १९२९ पासून १९६७ पर्यंत ते जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचे संचालक होते. शाळांतून मुलांना स्वतः शोध घेऊ द्यावा, हा विचार त्यांनी तेथे सतत पुढे ठेवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कार्यालयाने युद्धकैद्यांना पुस्तके पाठवण्याचेही काम केले.

पियाजे यांचे सर्वच निष्कर्ष पुढे जसेच्या तसे टिकले, असे नाही. त्यांच्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, जन्मलेले रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी, मूल मोठ्यांच्या व सोबत्यांच्या संगतीत, बोलण्यातून शिकते, यावर अधिक भर दिला. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधील संशोधकांनी सोंगट्यांची ओळ एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवली, तेव्हा पुष्कळ अधिक लहान मुलांनी बरोबर उत्तर दिले. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरही उत्तर अवलंबून असते, आणि पियाजे यांनी सांगितलेल्या वयाआधीच मुलांना कित्येक गोष्टी कळतात, असे यावरून दिसले. परंतु या नव्या संशोधकांनीही पियाजे यांचाच मार्ग धरला होता. त्यांनीसुद्धा मुलांसमोर वस्तू मांडल्या आणि उत्तराच्या मागचे कारण शोधले.

पियाजे अखेरपर्यंत कामात मग्न होते. डोक्यावर सपाट टोपी, तोंडात चिलीम आणि जवळ सायकल, अशी त्यांची मूर्ती जिनिव्हाच्या लोकांच्या परिचयाची होती. त्यांचे टेबल कागदांच्या ढिगाने भरलेले असे. डोंगरात पायी भटकताना त्यांना नवे विचार सुचत. त्यांनी पन्नासांहून अधिक पुस्तके लिहिली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९३६ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि १९७२ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांचा इरॅस्मस पारितोषिकाने गौरव झाला. १६ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आज जगातील असंख्य बालवाड्यांत मुले मणी निवडतात, काठ्या लहानमोठ्या क्रमाने लावतात, पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततात. त्या खेळांमागे पियाजे यांच्यासारख्या संशोधकांचे परिश्रम आहेत. परंतु त्यांची सर्वांत मोठी शिकवण कोणत्याही साधनावाचून आचरता येते. घरातील धाकटे भावंड चंद्र आपल्याबरोबर चालतो असे सांगेल, तेव्हा त्याला हसू नये. असे का वाटते ते त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आपले स्वतःचे गणित चुकले, तरी ते पुसून टाकण्यापूर्वी आपण कोणत्या वाटेने तेथवर आलो, हे एकदा पाहावे. बरोबर उत्तराकडे जाणारी वाट पुष्कळदा तेथूनच सुरू होते.